बोगद्यांतली आडवी चाल : संगणक-जाळ्यात शिरलेल्या घुसखोराचा माग

एखाद्या संस्थेच्या संगणक-जाळ्यात घुसखोर ज्या संगणकातून पहिल्यांदा शिरतो, तो संगणक त्याला हवा असतोच असे नाही; बहुधा तो नसतोच. फसव्या ई-मेलसोबत आलेली फाइल उघडणारा कर्मचारी लेखा विभागात बिले तपासत असतो, आणि घुसखोराला हवा असलेला सर्व्हर वेगळ्या उपजाळ्यात, मोजक्या अ‍ॅडमिनांनाच खुला असतो. या दोहोंमधले अंतर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सरकत कापण्याच्या क्रियेला संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात ‘लॅटरल मूव्हमेंट’ म्हणतात; बाहेरून आत शिरणे ही उभी चाल मानली, तर ही आतल्या आतली आडवी चाल होय. शिरकावाला काही मिनिटे पुरतात, आडव्या चालीला मात्र अनेकदा आठवडे किंवा महिने लागतात, आणि म्हणून घुसखोराला पकडण्याची सर्वांत मोठी संधी याच टप्प्यावर असते. तरीही हाच टप्पा सर्वांत कमी दिसतो, कारण या काळात घुसखोर जी साधने वापरतो ती संस्थेच्या अ‍ॅडमिनांची रोजची साधने असतात, आणि ज्या युजर-आयडीने तो वावरतो तो खरोखरच संस्थेतल्या कुणाचा तरी असतो.

दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करण्याची सोय नसती तर आजची एकही मोठी बँक, वीज कंपनी किंवा सरकारी खाते चालू शकले नसते. विंडोजवर हे काम आरडीपी नावाच्या पद्धतीने होते आणि त्यासाठी संगणकाचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे त्या सेवेसाठी राखलेले दार, वापरले जाते. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात तेच काम एसएसएच करते. हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड टिपत असल्याचे उघडकीस आल्यानंतर तेथील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिले. दोन यंत्रांमधला सगळा संवाद कूटबद्ध करणे, म्हणजे तिसऱ्याला वाचता येणार नाही अशा रूपात पाठवणे, हा त्याचा हेतू. त्याच एसएसएचमध्ये आणखी एक सोय आहे : एका कूटबद्ध जोडणीच्या पोटातून दुसऱ्या कोणत्याही सेवेची जोडणी नेता येते. यालाच टनेल किंवा बोगदा म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला एसएसएचची एकच जोडणी दिसते, तिच्या पोटात आरडीपी चालले आहे की डेटाबेसशी बोलणे, हे कळत नाही.

फायरवॉलची, म्हणजे जाळ्याच्या वेशीवर बसून कोणती जोडणी आत येऊ द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेची, येथेच गोची होते. बहुतेक संस्थांत बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांवर कडक निर्बंध असतात, परंतु आतून बाहेर जाणाऱ्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. घुसखोर याच एकतर्फी संशयाचा फायदा घेतो : ताब्यात आलेल्या आतल्या संगणकालाच तो बाहेरच्या आपल्या सर्व्हरशी जोडणी करायला लावतो, आणि त्या बाहेर जाणाऱ्या जोडणीच्या पोटातून उलट दिशेने स्वतःचे आरडीपीचे सत्र आत आणतो. जानेवारी २०१९ मध्ये फायरआय या अमेरिकी सुरक्षा कंपनीने या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात घुसखोरांच्या हाती पुटी या सर्वपरिचित मोफत प्रणालीतले प्लिंक हे छोटे साधन आणि विंडोजमध्येच असलेली पोर्ट पुढे ढकलण्याची सोय दिसते; दोन्ही साधने निरुपद्रवी, दोन्ही अ‍ॅडमिनांच्या वापरातली, आणि म्हणूनच विषाणू शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांच्यावर बोट ठेवावे असे त्यांत काही नाही.

मग शोध घ्यायचा तो कशाचा? या प्रश्नाचे पहिले लक्षणीय उत्तर बोगदे येण्याच्या कितीतरी आधी, १९८६ साली, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मिळाले. संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तूट आली, आणि ती कोठून आली हे पाहण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे सोपवण्यात आले, ज्यांचे दुर्बिणीच्या कामासाठीचे अनुदान संपल्यामुळे त्यांना संगणक विभागात धाडण्यात आले होते. तूट एका अशा खात्याची निघाली की ज्याला बिल पाठवण्याचा पत्ताच नव्हता. पुढे स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास मोडेम-वाहिन्यांना उसने प्रिंटर आणि टर्मिनले जोडून एका शनिवार-रविवारात घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उतरवली. त्या कागदांवरून जे दिसले ते असे : प्रयोगशाळेत गुप्त म्हणावे असे काही नव्हते आणि घुसखोराला ती नकोही होती, तिच्यावरून पुढे अमेरिकी लष्कराच्या जाळ्यात पाय टाकायचा होता. वर्षभरात त्याने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले आणि तीसहून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला, तोही बहुतेक वेळा कोणी न बदललेले मूळचे पासवर्ड वापरून किंवा दुसऱ्याच्या खात्याने. शेवटी हा इसम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला मार्कस हेस निघाला.

स्टोल यांनी दार बंद केले नाही, पाहत राहिले, हा त्यांच्या कामाचा भाग पुढे फार गाजला. येथे महत्त्वाची ठरते ती एक लहानशी गोष्ट : फाइल पाठवताना पोच परत यायला किती वेळ लागतो हे मोजून, घुसखोर शेजारच्या गावात नसून समुद्रापलीकडे असावा, असा अंदाज त्यांनी बांधला. संदेशात काय लिहिले आहे यावरून हा अंदाज निघालेला नव्हता, तो फक्त वेळेवरून निघाला होता.

पुढे एसएसएचमुळे मजकूर वाचणेच अशक्य झाले तेव्हा या कल्पनेचे मोल वाढले. एका यंत्रावर शिरून तेथून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर जाणाऱ्या साखळीतल्या मधल्या यंत्राला अभ्यासक ‘स्टेपिंग स्टोन’, म्हणजे ओढा ओलांडताना पाय ठेवायचा दगड, म्हणतात. १९९५ साली स्टॅनिफर्ड-चेन आणि हेबरलाइन यांनी जोडणीतल्या मजकुराचा ठसा घेऊन, साखळीतल्या दोन दुव्यांत एकच मजकूर वाहतो आहे का, हे ताडण्याची रीत सुचवली. परंतु प्रत्येक दुव्यावर कूट बदलू लागले की ती निकामी होते. २००० साली यिन झांग आणि व्हर्न पॅक्सन यांनी मजकूर सोडून देऊन केवळ लयीकडे पाहिले. कळफलकावर बोटे चालवणारा माणूस मधेच थांबतो, वाचतो, विचार करतो, पुन्हा टाइप करतो; अर्ध्या सेकंदाहून जास्त शांतता गेली की तो विराम धरायचा, आणि एका जोडणीतले विराम ज्या क्षणी संपतात त्याच्या अगदी लगतच दुसऱ्या जोडणीतलेही विराम वारंवार संपत असतील, तर त्या दोन जोडण्या एकाच हाताने चाललेल्या आहेत असे समजायचे. कूट कितीही मजबूत असले तरी माणसाचे थांबणे त्याला लपवता येत नाही. पुढे २००२ मध्ये डेव्हिड डोनोहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखवले की, घुसखोराने मुद्दाम विलंब मिसळला तरी काम चालू ठेवायचे असल्यास त्याला फार मोठा विलंब परवडत नाही, आणि म्हणून पुरेशा लांब कालावधीत दोन जोडण्यांमधले साम्य पुन्हा वर येते.

पॅक्सन यांनी याच बर्कली प्रयोगशाळेत १९९५ मध्ये ब्रो नावाची जाळ्यावर नजर ठेवणारी प्रणाली सुरू केली होती. ती आज झीक या नावाने जगभर वापरली जाते, आणि तिचा सर्वांत उपयोगी भाग दिसायला सर्वांत रुक्ष आहे : कोणते यंत्र कोणत्या यंत्राशी, किती वाजता, किती वेळ बोलले आणि दोन्ही बाजूंनी किती बाइट गेले, याची ओळीमागून ओळ नोंद. घुसखोरी पकडणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा घोष असतो. प्रत्यक्ष तपासात पहिल्या दिवशी मागितली जाते ती ही नोंद.

मराठी मुलखाला या कामाची रीत अनोळखी नाही. पेशवाईत आणि तिच्यानंतरही काही काळ गावची राखण करणारा रामोशी चोराच्या पावलांचा माग काढत गावच्या शिवेपर्यंत जाई, तेथे तो माग पुढच्या गावाच्या राखणदाराच्या स्वाधीन करी, आणि ज्या गावाच्या हद्दीत माग शिरला पण बाहेर निघालेला दाखवता आला नाही, त्या गावावर चोरीची जबाबदारी येई. आडव्या चालीचा तपास नेमका असाच चालतो, फरक एवढाच की येथे शिवेवर माग स्वाधीन करून घेणारा कोणी नसतो. ज्या यंत्रावर नोंदी ठेवल्याच नाहीत तेथे माग तुटतो आणि जबाबदारी कोणावरच येत नाही.

झांग आणि पॅक्सन यांच्या निबंधातला एक निष्कर्ष मात्र अस्वस्थ करणारा होता. खऱ्या जाळ्यांवर प्रयोग केल्यावर त्यांना अशा साखळ्या मोठ्या संख्येने सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अगदी कायदेशीर होत्या : कोणी घरून कार्यालयाच्या यंत्रावर येतो आणि तेथून प्रयोगशाळेच्या यंत्रावर जातो, कोणाला मधल्या एका यंत्रावरूनच पुढे जाण्याची मुभा असते. म्हणजे बोगदा किंवा साखळी सापडणे हा पुरावा होत नाही. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातील स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये या अडचणीचे गणित मांडले. समजा, एका संस्थेत दिवसाला १० लाख लॉगिन होतात आणि त्यांतली १० घुसखोराची आहेत. शोधयंत्रणा ती दहाही पकडते आणि निर्दोष लॉगिनांच्या बाबतीत केवळ १ टक्का वेळा चुकते, असे धरले तर दिवसाला सुमारे १० हजार खोटे इशारे येतील, आणि खरा इशारा हजारांत एक असेल. पाळीवर बसलेला विश्लेषक तिसऱ्या दिवशी ते वाचणे सोडून देतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून या क्षेत्रात एखादी पद्धत किती घुसखोर पकडते याच्याइतकेच ती दिवसाला किती वेळा उगाच ओरडते हे विचारावे लागते, आणि विक्रेत्यांच्या सादरीकरणात नेमका हाच आकडा सहसा नसतो.

उगाच न ओरडणाऱ्या खुणा थोड्या आहेत, पण आहेत. आरडीपीच्या बोगद्याचेच पाहा. विंडोज प्रत्येक यशस्वी लॉगिनची ४६२४ क्रमांकाची नोंद करते, तीत लॉगिनचा प्रकारही असतो, आणि आरडीपीसाठी तो प्रकार १० असतो. सामान्यपणे या नोंदीत जोडणी कोठून आली त्या यंत्राचा पत्ता दिसतो. बोगद्यातून आलेले सत्र मात्र, बोगद्याचे आतले तोंड त्याच यंत्रावर असल्यामुळे, १२७.०.०.१ या पत्त्यावरून आलेले दिसते, म्हणजे यंत्राने दुरून स्वतःवरच लॉगिन केले असा त्याचा अर्थ होतो. असे करण्याचे कारण क्वचितच कोणा कर्मचाऱ्याला असते. दुसरी खूण याहून गमतीदार आहे : तुटलेले सत्र पुन्हा जोडले गेल्याची जी ४७७८ क्रमांकाची नोंद होते, तीत जोडणाऱ्या संगणकाचे नावही येते, आणि पत्ता लपवणाऱ्या घुसखोराला आपल्या स्वतःच्या संगणकाचे नाव बदलायचे सुचलेले नसते. संस्थेतल्या सर्व यंत्रांची नावे ठरावीक पद्धतीने ठेवलेली असतील, तर एक परके नाव लगेच उठून दिसते. नावे वाटेल तशी ठेवलेली असतील तर काहीच दिसत नाही. पोर्ट पुढे ढकलण्याची विंडोजची सोय वापरली असल्यास तिचा नियम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीत, राहतो आणि यंत्र बंद करून चालू केले तरी पुसला जात नाही.

या खुणा वाचल्याच गेल्या नाहीत तर काय होते, हे युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी दिसले. पश्चिमेकडील प्रिकारपात्तिया भागातल्या वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात, कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि उपकेंद्रांचे ब्रेकर एकामागून एक उघडू लागला. त्याच दुपारी कीव्ह आणि चेर्निव्त्सी भागांतल्या कंपन्यांवरही असाच हल्ला झाला, आणि तिन्ही मिळून सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज काही तास गेली. तक्रार नोंदवण्याच्या दूरध्वनींवर खोट्या फोनांचा मारा करण्यात आला होता, आणि उपकेंद्रांशी जोडणाऱ्या छोट्या उपकरणांमधली अंतर्गत प्रणालीच बिघडवून ठेवण्यात आली होती, त्यामुळे दूरवरून ब्रेकर पुन्हा बंद करणे अशक्य झाले. शेवटी कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने वीज चालू केली; जुन्या पद्धतीची ती हाताने चालवायची सोय शिल्लक होती म्हणूनच हे काही तासांत आटोपले.

या नाट्यमय दुपारपेक्षा तिच्याआधीचे महिने अधिक बोधक आहेत. फसव्या ई-मेलमधून ब्लॅकएनर्जी हे घातक सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कार्यालयीन जाळ्यात त्या वर्षीच्या वसंतातच पोहोचले होते. कार्यालयीन जाळे आणि वीज-नियंत्रणाचे जाळे यांच्यामध्ये फायरवॉल होती, आणि घुसखोरांनी ती फोडली नाही. अभियंत्यांना दुरून काम करता यावे म्हणून तिच्यातून एक व्हीपीएन, म्हणजे खासगी कूटबद्ध मार्ग, काढलेला होता. त्यावर पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही ओळख विचारली जात नव्हती. घुसखोरांनी कार्यालयीन जाळ्यात सावकाश फिरून अभियंत्यांचे पासवर्ड मिळवले आणि ते त्या अधिकृत मार्गानेच नियंत्रण कक्षात गेले. सहा महिन्यांहून अधिक काळ असा चाललेला हा वावर एकाही टप्प्यावर नजरेला आला नाही. अभियंता रजेवर असताना त्याच्या नावाने लॉगिन होणे, एका खात्याने कधी न पाहिलेल्या यंत्रांशी बोलणे, कार्यालयाच्या वेळेबाहेर नियंत्रण-जाळ्याकडे लांबलचक सत्रे चालणे, या प्रकारच्या विसंगती शोधायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. त्या जागी कोणी तरी रोज तेथल्या नोंदी वाचायला बसलेला असावा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या आणि इतर हल्ल्यांबद्दल रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

नोंदी वाचायचे ठरवले तरी माणसाच्या डोळ्यांना झेपणारी त्यांची संख्या नसते, आणि तेथे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉपर या संशोधनाचे काम मोलाचे आहे. त्याच्या लेखकांमध्येही व्हर्न पॅक्सन आहेत. ड्रॉपबॉक्स कंपनीच्या १५ महिन्यांतल्या ७८ कोटींहून अधिक अंतर्गत लॉगिनांवर त्याची चाचणी झाली. एकटे लॉगिन संशयास्पद आहे का असे न विचारता, हॉपर लॉगिनांच्या साखळ्या जोडतो आणि त्या साखळीच्या मुळाशी असलेल्या माणसाकडे पाहतो. साखळीत मधेच युजर-आयडी बदलला आहे का, आणि शेवटी ज्या यंत्रावर ती पोहोचली तेथे जाण्याचा अधिकार मुळातल्या माणसाला होता का, हे दोन प्रश्न एकत्र विचारले की निर्दोष साखळ्यांचा प्रचंड ढिगारा बाजूला पडतो, कारण अ‍ॅडमिन वाट वाकडी करतो तरी त्याला जेथे जाण्याची मुभा आहे तेथेच जातो, आणि घुसखोराला मात्र ज्याचा संगणक त्याने काबीज केला त्याच्या अधिकारापलीकडेच जायचे असते. तीनशेहून अधिक हल्ल्यांच्या प्रसंगांपैकी ९४.५ टक्के या पद्धतीने पकडले, आणि दिवसाला सरासरी नऊपेक्षा कमी इशारे दिले. नऊ इशारे एक माणूस दुपारच्या जेवणाआधी तपासू शकतो. मात्र यासाठी कोणता संगणक कोणाचा आणि कोणाला कोठे जाण्याची मुभा, याची अचूक यादी संस्थेकडे असावी लागते, आणि ही यादी विकत मिळत नाही.

सगळ्याच आडव्या चाली अशा मंद नसतात, हेही नोंदवायला हवे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या नॉटपेट्याला कळफलकावर बसलेला माणूस लागत नव्हता. यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून तो स्वतःच विंडोजच्या अधिकृत साधनांनी पुढच्या यंत्रावर उडी घेत होता. मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज त्याने ठप्प केले, आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा बंदरातल्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला. अशा वेगापुढे माग काढण्याचे शास्त्र कामाला येत नाही. जाळ्याचे तुकडे आधीच वेगळे ठेवलेले असतील तरच काही वाचते. भारतातल्या बँकाही आडव्या चालीतून सुटलेल्या नाहीत : पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी करण्यात आली होती आणि आंतरराष्ट्रीय बँक-संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेतूनही रक्कम बाहेर गेली. बँकेच्या जाळ्यातल्या या दोन अत्यंत वेगळ्या कोपऱ्यांत एकच टोळी पोहोचली, ही बाब तेथे आडवी चाल झाल्याचे पुरेसे सांगते.

भारतात या नोंदींचा प्रश्न आता केवळ ऐच्छिक राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते, सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावी लागतात, आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. गाजावाजा झाला तो सहा तासांच्या अटीचा, परंतु या तिन्हींत घड्याळांची अट सर्वांत शहाणपणाची आहे : दोन यंत्रांची घड्याळे चार मिनिटांनी पुढे-मागे असतील तर कोणते लॉगिन आधीचे आणि कोणते त्यातून निघालेले, हे ठरवताच येत नाही, आणि साखळी जोडण्याचा सगळा खटाटोप तेथेच संपतो.

१८० दिवसांची मुदत मात्र अपुरी आहे. युक्रेनच्या वीज कंपन्यांमधला पहिला शिरकाव हल्ल्याच्या वेळी त्याहून जुना झालेला होता. बांगलादेश बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले, त्या बँकेत पहिल्या फसव्या ई-मेल जानेवारी २०१५ मध्ये आल्या होत्या, म्हणजे वर्षाहूनही आधी. फक्त किमान मुदत पाळणाऱ्या संस्थेत अशा हल्ल्याची पहिली पावले चोरी होण्यापूर्वीच पुसली गेलेली असतील. लॉगिनांच्या आणि जोडण्यांच्या नोंदी हा साधा मजकूर असतो, तो दाबून ठेवला की इतर साठवणीच्या मानाने फार जागा घेत नाही. तेव्हा सहकारी बँका, महापालिका, रुग्णालये आणि वीज कंपन्या यांनी कायद्याच्या किमान अटीवर न थांबता या दोन प्रकारच्या नोंदी तरी किमान दीड वर्ष, ज्या यंत्रांवर त्या तयार होतात त्यांच्यापासून वेगळ्या जागी, जपून ठेवाव्यात.